गॅसबत्तीपासून अवरक्त उजेडापर्यंत : ट्रॉम्ब्याच्या कुंपणाची दोन्ही बाजू

इन्फ्रारेडला मराठीत 'अवरक्त' म्हणतात. 'अव' म्हणजे खाली आणि 'रक्त' म्हणजे तांबडा. तांबड्याच्या खालचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड. उर्दूच्या विज्ञानाच्या पुस्तकांत यालाच 'ज़ेरीं सुर्ख' म्हटलं आहे, अर्थ तोच. पण मराठी शब्दात एक गंमत आहे जी उर्दूत नाही. मराठीत रक्त म्हणजे अंगातलं रक्तही. आणि हा उजेड आज वैद्यकशास्त्राला हवाहवासा वाटतो, त्याचं मोठं कारण हेच की रक्त त्याला फारसं अडवत नाही. साधा उजेड रक्तापाशी थांबतो, अवरक्त पुढे जातो. ज्या कुणी हा शब्द घडवला त्याच्या मनात हे नसेल, पण शब्द अगदी नेमका बसला आहे.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. पण पूर्व उपनगरात राहणाऱ्या माणसाला एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. मानखुर्दहून ट्रॉम्ब्याकडे जाताना लांबच लांब भिंत आणि तारेचं कुंपण लागतं. आत भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. बाहेर चिता कॅम्प, मानखुर्द, गोवंडी. मुलं विचारतात, "सर, आत काय बनवतात?" बहुतेक मोठी माणसं 'बॉम्ब' एवढंच सांगून मोकळी होतात. हे उत्तर फार अपुरं आहे. आत जे घडलं त्यातला एक धागा दिव्यांशी, दवाखान्यांशी आणि शरीराच्या आत डोकावणाऱ्या उजेडाशी जोडलेला आहे. तो धागा आहे 'दुर्मीळ मृदा' या मूलद्रव्यांचा. आज त्याचाच इतिहास सांगायचा आहे. आणि कुंपणाच्या अलीकडच्या बाजूचाही, कारण एकाशिवाय दुसरा पुरा होत नाही.

नाव दुर्मीळ, माल मुबलक

स्वीडनमध्ये स्टॉकहोमजवळ इटर्बी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या खाणीत १७८७ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला काळा, जड दगड सापडला. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गाडोलिन यांनी १७९४ मध्ये त्याचा अभ्यास करून त्यात एक नवी 'माती' असल्याचं सांगितलं. त्या काळी धातूंच्या ऑक्साइडांना माती म्हणत, म्हणून 'मृदा'. पुढे त्या एका दगडाच्या घराण्यातून इतकी मूलद्रव्यं निघाली की यट्रियम, टर्बियम, अर्बियम आणि इटर्बियम या चौघांना त्या एकाच गावाचं नाव मिळालं. जगाच्या पाठीवर एवढा मान दुसऱ्या कुठल्या खेड्याला मिळालेला नाही.

ही एकूण १७ मूलद्रव्यं. 'दुर्मीळ' हे नाव मात्र फसवं आहे. त्यांतलं सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे. खरी अडचण दुसरी आहे. ही सगळी भावंडं गुणांनी इतकी सारखी की एकाला दुसऱ्यापासून वेगळं करताना रसायनशास्त्रज्ञांच्या पिढ्या गेल्या. म्हणजे ती सापडायला सोपी, सोडवायला अवघड.

मोहल्ल्यातली पहिली दुर्मीळ मृदा

ही मूलद्रव्यं आपल्या घरात प्रयोगशाळेतून आली नाहीत, गॅसबत्तीतून आली. ऑस्ट्रियाचे कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये गॅसच्या दिव्यासाठी जाळीदार मॅन्टलचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत ते सुधारून बाजारात आणलं. सुती जाळी थोरियम आणि सिरियमच्या क्षारांत भिजवायची, वाळवायची, पेटवायची. सूत जळून जातं आणि ऑक्साइडाची नाजूक राख जाळीच्याच आकारात उभी राहते. ९९ टक्के थोरियम, १ टक्का सिरियम. तो एक टक्का नसेल तर दिवा मंद. सिरियम ही दुर्मीळ मृदांतलीच एक.

ज्यांनी वरातीत डोक्यावर पेट्रोमॅक्स घेऊन चालणाऱ्या बाया पाहिल्यात, उरुसात, कव्वालीच्या मैफलीत, तमाशाच्या फडावर किंवा गणपतीच्या मांडवात गॅसबत्तीचा तो सूंऽऽ असा आवाज ऐकलाय, त्यांनी दुर्मीळ मृदेचा उजेड पाहिलेला आहे. मॅन्टलला बोट लावलं की ते भुगा होऊन पडायचं आणि मोठ्यांचा मार बसायचा. याच वेल्सबाख यांनी सिरियम आणि लोखंड मिसळून १९०३ मध्ये लायटरमधला ठिणगी पाडणारा खडाही बनवला. पानाच्या टपरीवर दोरीने बांधलेल्या लायटरमध्ये आजही तोच खडा असतो.

मॅन्टलसाठी थोरियम लागे आणि थोरियम मिळे मोनाझाइट नावाच्या वाळूतून. त्याच वाळूत दुर्मीळ मृदाही ठासून भरलेल्या. सुरुवातीला हा माल ब्राझीलहून युरोपला जाई. १९०९ मध्ये सी. डब्ल्यू. शोमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. त्या काथ्याचा माग काढत तो कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिचीच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. केरळातला चवराचा किनाराही तसाच श्रीमंत निघाला. पहिल्या महायुद्धात जर्मनांचा हात सुटला आणि इंग्रजांचा पडला, पण हिशोब तोच राहिला. वाळू इथली, कारखाना तिथला आणि मॅन्टल विकत घेणारे पुन्हा आपण. कापसाची गोष्ट आपल्याला पाठ आहे, वाळूची फारशी कुणी सांगत नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळी वाळू आहे, पण तिच्यात मुख्यतः इल्मेनाइट. मोनाझाइटचं खरं धन दक्षिणेला आणि ओडिशाकडे.

वाळू थांबली, कारखाना आला

दुसऱ्या महायुद्धानंतर थोरियमचा अर्थ बदलला. गॅसबत्तीची सामग्री आता अणुइंधनाची सामग्री झाली. होमी भाभांचा आग्रह होता की कच्ची वाळू परदेशी जाऊ द्यायची नाही. १९५० च्या ऑगस्टमध्ये 'इंडियन रेअर अर्थ्स' ही कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईत, प्रभादेवीला, सिद्धिविनायक मंदिराजवळ आहे. रोज हजारो माणसं त्या रस्त्याने दर्शनाला जातात. केरळात अलुवा इथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला आणि १९५२ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं.

अलुव्याला दुर्मीळ मृदा वेगळ्या होत, आणि उरलेलं थोरियमयुक्त द्रव्य येई ट्रॉम्ब्याला. ट्रॉम्बे म्हणजे जुनं तुर्भे. नवी मुंबईतलं तुर्भे वेगळं, हे खाडीच्या अलीकडचं. १९५४ च्या जानेवारीत इथे अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली, १९५५ मध्ये थोरियमचा कारखाना चालू झाला आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये 'अप्सरा' ही आशियातली सुरुवातीची अणुभट्टी कार्यान्वित झाली. भाभांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये या आस्थापनेला त्यांचं नाव मिळालं.

यात एक तपशील मला फार आवडतो. ट्रॉम्ब्याच्या त्या कारखान्यात थोरियम नायट्रेट तयार होई, आणि त्याचा एक मोठा ग्राहक होता गॅसबत्तीचे मॅन्टल बनवणारा धंदा. म्हणजे ज्या कुंपणाच्या आत अणुयुग सुरू झालं, तिथूनच खेड्यापाड्यांतल्या वरातींचा उजेडही निघत होता. वीज नसलेल्या गावाला अणुऊर्जा खात्याने पहिला दिवा दिला तो असा.

कुंपणाची अलीकडची बाजू

ट्रॉम्ब्याच्या इतिहासावरच्या पुस्तकांत जनता कॉलनीचं नाव सहसा येत नाही. मानखुर्दजवळची ही वस्ती १९४० च्या दशकाच्या शेवटापासून वसत गेली. मुंबईच्या इतर भागांतून हटवलेल्या गरिबांना तेव्हा शहराबाहेर, दलदलीच्या कडेला जागा दाखवली जाई. तमिळ, मराठी, मल्याळी, उत्तरेकडचे, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळ्या प्रकारची माणसं तिथे होती. त्यांनीच भर टाकून जमीन राहण्याजोगी केली.

कोलार गोल्ड फील्ड्सहून आलेला जॉकिन अर्पुतम नावाचा तरुण सुतार १९६० च्या दशकात या वस्तीत राहू लागला. कचरा उचलायला महापालिका येत नाही म्हणून त्याने वस्तीतल्या मुलांना गोळा केलं, कचऱ्याच्या पुड्या बांधल्या आणि नेऊन पालिकेच्या कचेरीपुढे ठेवल्या. मग सफाई सुरू झाली. झोपडपट्टीवासीयांच्या हक्कांसाठी पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या या माणसाची सुरुवात इथली, आपल्या एम-पूर्व वॉर्डातली.

अणुऊर्जा खात्याला ती जमीन विस्तारासाठी हवी होती. वस्तीने अनेक वर्षं कोर्टात, रस्त्यावर, दिल्लीत जाऊनही झुंज दिली. आणीबाणी आली आणि झुंज संपली. १९७६ च्या मे महिन्यात प्रचंड पोलीस बंदोबस्तात सुमारे ७० हजार माणसांना तिथून उठवून काही किलोमीटरवर खाडीच्या कडेला नेऊन वसवलं. ती वस्ती म्हणजे चिता कॅम्प. अर्पुतम यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ उभा केला. त्यांना २००० मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

मी हे विज्ञानाच्या विरोधात सांगत नाही. देशाला अणुसंशोधन केंद्र हवं होतं, यात मला शंका नाही. पण एखाद्या संस्थेचा इतिहास सांगताना आतल्या यंत्रांची यादी पूर्ण द्यायची आणि तिच्यासाठी घरं सोडणाऱ्यांचा उल्लेखही करायचा नाही, हा इतिहास अर्धा आहे. चिता कॅम्पमधल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला हे माहीत असायला हवं की देशाच्या विज्ञानात त्याच्या आजोबांचाही वाटा आहे. तो त्यांनी राजीखुशीने दिलेला नाही, तरीही तो वाटाच आहे.

शरीराच्या आतला दिवा

आता पुन्हा आत जाऊ. दुर्मीळ मृदांचा गुण हा की त्यांच्या अणूतले काही इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आड लपलेले असतात. आजूबाजूला पाणी असो, मीठ असो, प्रथिनं असोत, त्या आतल्या इलेक्ट्रॉनांवर फारसा परिणाम होत नाही. बाहेर कितीही गोंगाट असला तरी पडद्याआड बसून आपला अभ्यास करणाऱ्या मुलासारखे ते असतात. म्हणून त्यांचा उजेड ठरलेल्या रंगाचा, स्वच्छ आणि टिकाऊ असतो. युरोपियम तांबडा, टर्बियम हिरवा. जुन्या रंगीत टीव्हीतला लाल रंग युरोपियमचा होता. युरोच्या नोटांवर जंबुपार दिव्याखाली चमकतात त्या खुणांतही युरोपियम असल्याचं डच संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

शरीराच्या आत पाहायचं तर मात्र दिसणारा रंग उपयोगाचा नाही. मोबाइलचा टॉर्च तळहाताला घट्ट दाबून धरा. हात लाल दिसतो. पांढऱ्या उजेडातले निळे-हिरवे रंग रक्तातलं हिमोग्लोबिन गिळून टाकतं, लाल तेवढा पार होतो. लालच्याही पलीकडे, साधारण ७०० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, रक्ताचा अडथळा फार कमी होतो आणि पाण्याचा अजून सुरू झालेला नसतो. या फटीला शास्त्रज्ञ 'खिडकी' म्हणतात. १००० नॅनोमीटरच्या पुढे दुसरी खिडकी आहे. तिथे उजेड पेशींवर आपटून कमी विखुरतो, त्यामुळे चित्र अधिक रेखीव येतं.

या उजेडाचा शोध जुना आहे. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे रंग पसरून प्रत्येकात थर्मामीटर ठेवला, तेव्हा लालच्या पलीकडच्या अंधारात पारा सगळ्यांत जास्त चढला. पण हा उजेड शरीरातून आरपार जाऊन आतली प्राणवायूची स्थिती सांगू शकतो, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योबसिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. त्याच सुमाराला जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटर शोधला होता. कोविडच्या दिवसांत हे यंत्र चाळीचाळीत फिरलं. ९४ च्या खाली आकडा गेला की घरात रडारड सुरू व्हायची. त्या चिमट्यात दोन दिवे असतात, एक लाल आणि एक अवरक्त. म्हणजे अवरक्त उजेडाने आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तातून एकदा तरी फेरी मारलेली आहे.

ऑक्सिमीटर फक्त आरपार येणारा उजेड मोजतो. पुढची पायरी ही की शरीरातच, नेमक्या गाठीपाशी, दिवा लावायचा. शल्यचिकित्सक आज त्यासाठी इंडोसायनीन ग्रीन हा रंग वापरतात. १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली होती. तो अवरक्तात चमकतो, पण लवकर विझतो. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांच्यासाठी मिळालं ते क्वांटम डॉट्स तेजस्वी आहेत, पण त्यांतल्या अनेकांत कॅडमियमसारखा विषारी धातू असतो. इथे दुर्मीळ मृदांचे नॅनोस्फटिक पुढे येतात.

दोन नाण्यांचा हिशोब

असा एक स्फटिक साधारण १० ते ५० नॅनोमीटरचा. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. सोडियम, यट्रियम आणि फ्लोरिन यांची चौकट, त्यात इटर्बियम आणि अर्बियम किंवा थुलियम थोड्या प्रमाणात पेरलेलं. इटर्बियम ९८० नॅनोमीटरचा अवरक्त उजेड पकडतं आणि शेजारच्या अर्बियमच्या हातात देतं. एक हप्ता पुरत नाही. अर्बियम तो जपून ठेवतं, दुसरा हप्ता येतो, आणि दोन्ही मिळून ते हिरवा किंवा लाल उजेड सोडतं. दोन लहान नाणी देऊन एक मोठं नाणं घ्यावं तसं. थुलियम असेल तर ८०० नॅनोमीटरचा, म्हणजे खिडकीतलाच उजेड मिळतो. अवरक्त आत आणि अवरक्तच बाहेर. ही करामत फ्रान्सच्या फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये मांडली आणि त्याच वर्षी सोव्हिएत शास्त्रज्ञ ओव्स्यान्किन व फिओफिलोव यांनीही. तेव्हा स्फटिक मोठे होते. ते नॅनो आकारात नीट जमायला पुढची चार दशकं लागली.

दुसरा मार्ग हप्ते जोडण्याचा नाही, उलट घट सोसण्याचा. ९८० चा उजेड घ्यायचा आणि अर्बियमकडून १५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, दुसऱ्या खिडकीतला उजेड काढायचा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या गटाने असे स्फटिक प्रथिनाच्या आवरणात गुंडाळून उंदरांच्या शरीरात सोडले आणि अवरक्त कॅमेऱ्याने त्यांतल्या गाठी पाहिल्या.

या स्फटिकांचा आणखी एक फायदा मला वर्गावरून चटकन समजला. शरीर स्वतःही उजेडात थोडं चमकतं, तो गोंगाट. पण ती चमक अब्जांश सेकंदांत विझते. दुर्मीळ मृदेचा उजेड मात्र हजारांश सेकंदापर्यंत रेंगाळतो. गुरुजी "शांत!" म्हणतात, सगळा वर्ग गप्प होतो आणि एकच पोरगा बोलत राहतो. तो लगेच सापडतो. शास्त्रज्ञ असंच करतात. दिवा बंद करतात, क्षणभर थांबतात, आणि जो अजून चमकतोय त्याचाच फोटो काढतात.

अडचणीही खऱ्या आहेत. लहान स्फटिक फार मंद चमकतात, दिलेल्या उजेडातला एखादा टक्कासुद्धा परत मिळत नाही. पृष्ठभागावरचं पाणी ऊर्जा पळवतं, म्हणून वर दुसऱ्या स्फटिकाचं कवच चढवावं लागतं. ९८० नॅनोमीटरचा उजेड पाणीही थोडा पितं आणि तापतं, म्हणून काही जण निओडिमियम वापरून ८०८ कडे वळले. खोलीची मर्यादा आहे, काही मिलिमीटर ते फार तर एक-दोन सेंटिमीटर. आणि सर्वांत मोठा प्रश्न, काम झाल्यावर हे कण जातात कुठे? बरेचसे यकृतात आणि प्लीहेत साठून राहतात. म्हणूनच माणसाच्या शरीरात टोचायला त्यांना अजून परवानगी मिळालेली नाही. कुणी तुम्हाला 'नॅनो उपचार' विकायला आला तर एवढं लक्षात ठेवा.

ट्रॉम्बे आणि पुणे

आपल्याकडे काय चाललंय? दुर्मीळ मृदा शरीरात पाठवण्याचं काम ट्रॉम्ब्यात बऱ्याच आधी सुरू झालं, फक्त उजेड वेगळ्या जातीचा होता. ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून ल्युटेशियम-१७७ बनवतात. त्याचं अर्धायुष्य साधारण साडेसहा दिवस. ते गाठीला शोधणाऱ्या रेणूला जोडून शिरेतून देतात. त्याचे बीटा कण गाठ जाळतात आणि सोबतचे गॅमा किरण कॅमेऱ्याला गाठ कुठे आहे ते दाखवतात. समॅरियम-१५३ हाडांत पसरलेल्या कर्करोगाची वेदना कमी करायला वापरतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये यांचा वापर होतो, आणि देशभरच्या रुग्णालयांना अशी औषधं पुरवणारी 'ब्रिट' ही संस्था वाशीला आहे. परळला टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर गावाकडून आलेली कुटुंबं बसलेली दिसतात. त्यांतल्या कुणाच्या तरी शरीरात ट्रॉम्ब्यात तयार झालेली दुर्मीळ मृदा त्या क्षणी काम करत असते.

चमकणाऱ्या नॅनोकणांवरही केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. लोहाच्या चुंबकी ऑक्साइडाला युरोपियम पेरलेल्या यट्रियम फॉस्फेटशी जोडून त्यांनी असे कण बनवले जे लाल चमकतात आणि बदलत्या चुंबकी क्षेत्रात तापतातही. एकाच कणाने गाठ दाखवायची आणि तिथेच तिला ताप द्यायचा, ही कल्पना. हे काम प्रयोगशाळेतल्या पेशींपर्यंतचं आहे. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. अंग्शुमन नाग यांच्या गटाने २०२० मध्ये दुहेरी पेरोव्स्काइट स्फटिकात बिस्मथच्या मदतीने अर्बियम आणि इटर्बियम यांच्याकडून अवरक्त उजेड मिळवला. ते स्फटिक शरीरासाठी नाहीत, पण घराणं तेच.

कच्च्या मालाची गोष्ट मात्र पुन्हा त्रावणकोरच्या वाळूपाशी येते. चीनने स्वस्तात माल विकायला सुरुवात केल्यावर आपल्या दुर्मीळ मृदांच्या उत्पादनाला मोठी खीळ बसली. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मृदांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, त्यांत यट्रियम आणि ल्युटेशियमही आहेत. यट्रियम या स्फटिकांची चौकट, ल्युटेशियम कर्करोगाचं औषध. वाळू आपल्या किनाऱ्यावर असणं आणि शुद्ध मूलद्रव्य आपल्या हातात असणं, यांतलं अंतर भाभांना १९५० मध्ये कळत होतं. आपण ते मधल्या काळात विसरलो.

हा उजेड कुणापर्यंत पोचणार?

माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. हे स्फटिक शरीरात टोचायला वेळ लागेल, पण शरीराबाहेर ते आजही काम करू शकतात. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी असते तशी कागदाची पट्टी घ्यायची, तिच्यावर रंगाच्या रेघेऐवजी हे कण वापरायचे. ९८० चा उजेड टाकला की फक्त हे कण हिरवे चमकतात. रक्त नाही, कागद नाही, दुसरं काहीच चमकत नाही. म्हणून अगदी थोडा अंशही सापडतो. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात अशा पट्ट्यांवर बरीच वर्षं काम चाललं आहे, आणि ज्या रोगांसाठी चाललं आहे त्यांत कुष्ठरोग आणि क्षयरोग आहेत.

क्षयरोग हा शब्द वाचला आणि मला माझा वॉर्ड आठवला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड सगळ्या शहरात तळाला होता. क्षयरोगाचं सर्वाधिक ओझं वाहणाऱ्या भागांत गोवंडी-मानखुर्दचं नाव वर्षानुवर्षं येतं. एका खोलीत सात-आठ माणसं, खिडकी नाही, शेजारी देवनारचा कचरा. दोन महिने खोकणारं पोर वर्गात शेवटच्या बाकावर बसतं, कारण दवाखान्यात जायचं तर आईचा दिवसाचा रोज बुडतो. ज्या जमिनीवरून माणसं उठवली तिच्या शेजारी दुर्मीळ मृदांवर संशोधन होतं, आणि उठवलेल्या माणसांच्या नातवंडांना ज्या रोगाने धरलंय त्याची लवकर पारख करायला दुर्मीळ मृदा मदत करू शकतात. मधे फक्त एक कुंपण आहे.

आपल्या समाजात विज्ञानाची गोष्ट निघाली की आपण इब्न अल-हैसमपाशी जाऊन थांबतो. प्रकाशावर त्यांनी हजार वर्षांपूर्वी केलेलं काम खरंच थोर आहे, त्याचा अभिमान असावा. पण हजार वर्षांपूर्वीच्या बसऱ्याचा पत्ता आपल्याला पाठ आणि घराजवळच्या ट्रॉम्ब्यात काय चालतं याची खबर नाही, हे बरं नव्हे. भाभा केंद्रात प्रशिक्षणासाठी दरवर्षी देशभरातून विज्ञान आणि अभियांत्रिकीचे पदवीधर निवडले जातात. गेटबाहेरच्या वस्तीतून किती जण तिथे अर्ज करतात? हा प्रश्न केंद्राला विचारण्याआधी शिक्षक म्हणून मी स्वतःला आणि पालक म्हणून तुम्ही स्वतःला विचारायला हवा. दहावीनंतर विज्ञान शाखा घेतलेल्या मुलीला "इतकं शिकून काय करणार" असं म्हणणारे मामू-खालू अजून घरोघर आहेत. त्यांना पुढच्या वेळी ल्युटेशियमची गोष्ट सांगा.

आणि केंद्राकडूनही एक अपेक्षा आहे. सुरक्षेचं कुंपण राहू द्या, ते असायलाच हवं. पण वर्षातून एकदा तरी आसपासच्या उर्दू, मराठी, तमिळ, हिंदी शाळांतल्या मुलांपुढे त्यांच्या भाषेत कुणी शास्त्रज्ञ येऊन उभा राहावा आणि अंधाऱ्या वर्गात एक लहानशी कुपी चमकवून दाखवावी. कुपीतला स्फटिक अवरक्त घेईल आणि हिरवा होऊन बाहेर येईल. चाळीस मुलांतल्या एखाद्याच्या डोक्यात तो उजेड राहिला तरी पुरे.